कृष्णाकाठची दगडी रूपके

वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीच्या देवळास प्रदक्षिणा घालताना मागील भिंतीपाशी पाऊल थबकते. कारण ही भिंत सरळ न जाता माशाच्या अंगासारखी निमुळती होत गेली आहे. सरदार गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधविले, तेव्हा घाट बुडविणाऱ्या कृष्णेच्या पुराशी झुंजण्याऐवजी त्याला दुभंगून दोन्ही अंगांनी वाट करून द्यावी, अशी तजवीज गवंड्यांनी केली. मत्स्याकार हा येथे अलंकार नव्हे. प्रवाहात टिकण्याची युक्ती ज्या जीवाला उपजत साधली, त्याचेच शरीर दगडाला दिलेले आहे.

तेथून साताऱ्याकडे येताना लिंब येथे बारा मोटांची विहीर लागते. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाईंनी ती बांधविली. तिची आखणी शिवपिंडीची : अष्टकोनी विहीर हे लिंग, आणि तिच्यापुढे जिन्यापर्यंत गेलेला लांबट भाग ही पन्हळ. परंतु पायऱ्या उतरणाऱ्याच्या नजरेत हा आकार मावत नाही. त्याला दिसतात त्या कमानी, या दोन भागांमधल्या जोडावर उभारलेला महाल, काठावर मोटांसाठी केलेल्या दगडी जागा आणि तळाचे हिरवट पाणी. पिंडीवर अभिषेकाचे पाणी वरून उतरते. येथे मात्र ते बैलांच्या बळावर तळातून वर चढून आमराईला पोचत असे. रूपक उलटे फिरले, तरी त्यातील पावित्र्य शेतीच्या कामी आले.

सांगली प्रांतातील तासगावास आल्यावर रूपकाची तऱ्हाच पालटते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ साली आरंभिलेल्या गणेशमंदिरापुढे सात मजली गोपुर उभे आहे. कर्नाटकातील स्वाऱ्यांत दृष्टीस पडलेले द्राविडी वैभव त्या सेनानीने आपल्या गावी आणविले. हे गोपुर ना पूर अडविते, ना पाणी पुरविते. दक्षिणेची आठवण सांगणे आणि दूरच्या यात्रेकरूस देवाचा ठाव दाखविणे, एवढेच त्याचे काम, आणि तेही लहान नव्हे.

तरीही माझा कौल वाईच्या अनामिक गवंड्यांना. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नदीकाठी बांधणाऱ्याने प्रथम नदीचा स्वभाव वाचावा, हा जुनाच धडा पुन्हा महागात पडला. स्थपतीची प्रतिभा त्या वाचनातूनच जागते. कल्पना आधी ठरवून नंतर तिच्यासाठी जागा शोधणारा केवळ शोभा उभारतो.