छोट्या लेन्सला हूड

मे महिन्यात दुपारी चारला नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवर कॅमेरा काढला, की ऊन थेट काचेत. माझी लुमिक्सची २० एमएम, एफ १.७ म्हणजे चपटी, खिशात मावणारी लेन्स. हूड लावला की ते सुख गेलंच. तरी घ्यायचं ठरवलं. तिरपा उजेड काचेवर पडला की फोटोतला काळा रंग राखाडी होतो आणि नंतर तो पुरता सावरत नाही.

दुकानात ४६ एमएमच्या आट्यांचा, खाचा असलेला धातूचा हूड फार देखणा होता. पण खाचा असतात रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी, व्ह्यूफाइंडरमधून बघताना हूड आड येऊ नये म्हणून. मी बघणार स्क्रीनवर. मग त्या नुसत्या शोभेच्याच, वर उन्हाला आत यायला वाट! रबरी हूड लावून एफ ११ वर ऑल सेंट्स कॅथेड्रलवरचं मोकळं आकाश टिपलं, तर चारही कोपरे काळे. शेवटी आखूड, आत वळलेल्या कडेचा घेतला. मूळ टोपण त्यावर बसत नाही, ही कटकट आहेच. आणि सूर्य चौकटीच्या अगदी काठावर आला, की हूडपेक्षा डाव्या तळहाताची सावलीच जास्त कामाची. फक्त बोटं फोटोत यायला नकोत.