पंचवटीत सगळेच बाहेरगावचे

नाशिकचा वीकएंड ठरला की ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक द्राक्षवाल्यांची, दुसरी देववाल्यांची. देववाल्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. रामकुंडावर पाय बुडवायचे, कपालेश्वराच्या पायऱ्या चढायच्या, काळारामाचं दर्शन, सीता गुंफेत वाकून आत जाऊन वाकूनच बाहेर यायचं आणि येताना चिवडा. दोन तासांत पंचवटी ‘करून’ होते.

पण एक गंमत कधी लक्षात आलीय? या गावाचे सगळ्यात फेमस रहिवासी मुळात इथले नव्हतेच. अयोध्येहून आले, पाच वडांच्या सावलीत पर्णकुटी बांधली, काही काळ राहिले. पंचवटीची सगळी पुण्याई बाहेरून आलेल्या एका कुटुंबाच्या नावावर आहे. नारोशंकराच्या देवळावरची प्रसिद्ध घंटासुद्धा बाहेरचीच. १७३९च्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा. काळाराम मंदिराचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असं सांगतात. आणि रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. कोणतं घराणं कुठून आलं, कोणाचा आजा कोण, हे त्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं असतं.

बाहेरून येणाऱ्यांची एवढी जुनी सवय असलेल्या गावात एक प्रश्न विचारायला हरकत नसावी. दोन माणसं बाहेरून येतात. दोघंही राबतात. मग एकाच्या नातवाचं शोरूम होतं आणि दुसऱ्याचा नातू अजून मजूर नाक्यावर उभा राहतो, असं का?

उत्तर शोधायला फार लांब जायचं नाही. देवळांकडे पाठ करायची आणि पेठ रोडला लागायचं.

वखारीतले पटेल

पंचवटीतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर लाकडाच्या वखारी, सॉ मिल, प्लायवूडची दुकानं दिसायला लागतात. करवतीचा तो कर्कश आवाज आणि ओल्या भुशाचा वास. बऱ्याच पाट्यांवर आडनाव एकच, पटेल. यातले बहुतेक कच्छचे कडवा पाटीदार. आपण त्यांना सरसकट ‘गुजराती शेठ’ म्हणून मोकळे होतो, पण हे लोक शेठ म्हणून आलेले नाहीत. शेतकरी म्हणून निघालेले आहेत.

कच्छमध्ये वर्षाला पाऊस पडतो सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. तोही लहरी. दुष्काळ हा तिथला नेहमीचा पाहुणा. पोटासाठी बाहेर पडायचं तर जवळचं मोठं शहर होतं कराची. १९४७मध्ये ते परदेशात गेलं आणि तो रस्ता बंद झाला. याच कच्छमधले लेवा पाटीदार गवंडीकाम, बांधकाम करत पूर्व आफ्रिकेत गेले आणि तिथून पुढे ब्रिटनला. कडवा पाटीदारांनी मात्र लाकूड धरलं आणि देशभर पसरले. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात गेलात आणि लाकडाची वखार दिसली, तर मालक कच्छी असण्याची शक्यता भरपूर.

त्यांची सिस्टीम साधी आहे. गावाकडून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा येतो. वखारीतच राहतो, तिथंच जेवतो. साग कुठला, साल कुठला हे हाताला कळायला लागतं, घनफूट तोंडी काढता येतात. काही वर्षांनी काका-मामा-मेहुणे मिळून त्याला दुसऱ्या गावात वखार टाकून देतात. भांडवल घरातलं, व्याज नात्याचं आणि तारण म्हणजे शब्द. लग्नं समाजात होतात, त्यामुळे उधारी बुडवून पळायचं तरी कुठं? वर समाजवाडी असते, होस्टेल असतं. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा बाहेर स्थिरावलेल्या कच्छी समाजांनी गावं पुन्हा उभी करायला हात दिला, तो याच जाळ्यातून.

थोडक्यात, आठ-नऊशे किलोमीटर लांबून आलेल्या मुलाची इथं कोणीतरी वाट बघत असतं.

पंचावन्न किलोमीटर

आता त्याच रस्त्यावर उलट दिशेनं बघा. पेठ इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पलीकडे सुरगाणा, अलीकडे हरसूल. डोंगरातून एसटी आणि जीप भरभरून उतरतात. कोकणा, महादेव कोळी, वारली. यातल्या कोकणांचं नावच सांगतं की त्यांचे पूर्वजही कधीकाळी कोकणातून घाट चढून वर आले. म्हणजे स्थलांतरित तेही. फक्त काही शतकं आधीचे.

आणि इथं गणित उलटं होतं. कच्छ कोरडा, पेठ-सुरगाणा मात्र ओलाचिंब. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळ्यात गेलात तर फोटो काढून फोनची मेमरी संपेल. पण पाणी उतारावरून पळून जातं आणि उन्हाळ्यात त्याच गावांत बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. भात, नागली, वरई असं खरीपाचं एक पीक निघालं की दिवाळीच्या सुमारास शेत मोकळं होतं. नेमकं तेव्हाच खाली नाशिक, दिंडोरी, निफाडच्या बागांत द्राक्षांची छाटणी सुरू होते. मग टोळ्या निघतात. गिरणारे गावात तर मजुरांचा अक्षरशः बाजार भरतो. बागायतदार येतो, भाव ठरतो, टोळी गाडीत बसते. बाकीचे पंचवटीत उतरतात. कोणी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात ओझी उचलतं, कोणी बांधकामावर जातं. होळीला सगळे परत डोंगरावर. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण.

आपण वाइन टेस्टिंगला ग्लास गोल फिरवतो ना, त्यातल्या घडाची विरळणी बहुतेक याच हातांनी केलेली असते.

इथंही एक सिस्टीम आहे, पण तिचं नाव ‘उचल’. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादमाकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि हंगामात अंगमेहनतीनं फेडायचे. कच्छी मुलालाही उधारीच मिळाली होती. पण त्याच्या उधारीतून वखार उभी राहिली. हिच्या उधारीतून फक्त पावसाळा निघतो.

लाकूड एकच

या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, हे पेठ रोडवर फिरताना कळतं. वखारीत वर्षानुवर्षं चिरला गेलेला साग आला कुठून? याच डोंगरांतून आणि पलीकडच्या डांगातून. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलांवर सरकारची मालकी पक्की झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारा माणूस रातोरात अतिक्रमण करणारा ठरला. पुढे तोच मजुरीवर झाडं तोडायचा, ओंडके डेपोत यायचे, लिलाव व्हायचा आणि वखारवाला ते विकत घ्यायचा. कायदा पटेलांनी केला नव्हता. त्यांनी नियमानं बोली लावली. पण लिलावात बोली लावायला खिशात पैसे आणि नावावर पत्ता लागतो. जंगलातल्या माणसाकडे दोन्ही नव्हतं.

पुढची तारीख १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं जंगलतोडीवर कडक बंधनं घातली. २००२मध्ये कोर्टानं ठरवलं की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल नाही. धंद्याला फटका बसला, हे खरं. पण ज्याच्याकडे जुनं लायसन्स होतं, त्याचं लायसन्स सोन्याचं झालं. नवा स्पर्धक येणार कुठून? लाकूड बाहेरच्या देशातून यायला लागलं. न्यूझीलंडचा पाइन, मलेशियाचे ओंडके. आणि उतरतात कुठे? मोठा हिस्सा कांडला बंदरात. म्हणजे पुन्हा कच्छमध्येच!

डोंगरातल्या माणसाला त्याच्या कागदासाठी आणखी थांबावं लागलं. वन हक्क कायदा आला २००६मध्ये. त्यानुसार १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, कुटुंबाच्या नावावर होऊ शकते. वारसांना मिळते, पण विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून ती व्यापाऱ्याच्या घशात जात नाही, हे चांगलंच. पण म्हणूनच बँकेच्या दारात तिचं वजन कमी पडतं, हेही तितकंच खरं.

त्या कागदासाठीच ६ मार्च २०१८ला नाशिकहून शेतकऱ्यांचा लाल झेंड्यांचा मोर्चा निघाला होता, आठवतंय? सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईपर्यंत. त्यात सुरगाणा-पेठ-दिंडोरीचे आदिवासी फार मोठ्या संख्येनं होते. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. आपण सगळ्यांनी ते सोलवटलेल्या पायांचे फोटो फॉरवर्ड केले. मागणी काय होती, हे किती जणांनी वाचलं?

स्वीडनची गोष्ट, व्हेनेझुएलाची गोष्ट

हे फक्त नाशिकचं नाही. एकोणिसाव्या शतकात स्वीडन हा गरीब देश होता. १८६७ ते ६९च्या दुष्काळानं तर कंबरडंच मोडलं. १९३०पर्यंत बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं अमेरिकेत गेली. तिथं १८६२चा होमस्टेड कायदा त्यांच्यासाठी तयार होता. पाच वर्षं जमीन कसा, १६० एकर तुमची. (ती जमीन मूळच्या रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हे विसरू नका. जंगल आणि पेठ आठवा.) आज स्वीडिश वंशाचे अमेरिकन म्हणजे सुस्थितीतली, सुखवस्तू माणसं.

गेल्या दहा वर्षांत व्हेनेझुएलातून सत्तर लाखांहून जास्त लोक बाहेर पडले. त्यातले अमेरिकेत पोहोचलेले बरेच शिकलेले, डिग्रीवाले. पण जमीन सोडाच, अनेकांच्या हातात २०२१मध्ये पडला तो तात्पुरत्या मुक्कामाचा कागद. २०२५मध्ये तोही काढून घ्यायचा निर्णय झाला. आता दोघांच्या उत्पन्नाचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून ‘स्वीडिश लोक बघा कसे मेहनती’ म्हणणं किती बरोबर? एकाला सातबारा मिळाला, दुसऱ्याला मुदत असलेली पावती.

आपणही हेच करतो. ‘पटेलांच्या रक्तातच धंदा’ आणि ‘आदिवासींना उद्याची फिकीर नसते’, ही दोन्ही वाक्यं आपण चहाच्या टपरीवर ऐकतो आणि मान डोलावतो. रक्तात काही नसतं. बरंचसं वाट बघणाऱ्या मामात असतं आणि नावावरच्या कागदात असतं.

पटत नसेल तर स्वतःकडे बघा. आपल्यातले कितीतरी जण नाशिक, धुळे, जळगाव सोडून पुण्या-मुंबईत आलेत. पहिली नोकरी कशी लागली? कॉलेजच्या सीनियरनं रेफरल दिलं. पहिले तीन महिने चुलतभावाच्या फ्लॅटवर काढले. डिपॉझिट बाबांनी भरलं. आपण हुशार आहोतच, प्रश्नच नाही. पण आपलीही एक वखार होती.

चित्र हलतंय

सगळे पटेल श्रीमंत नाहीत. रेडिमेड फर्निचर आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्यांनी लहान वखारींचा घाम काढलाय. मुलं इंजिनियर होतात आणि भुशात उभं राहायला तयार नसतात. डोंगरातही सगळं थांबलेलं नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०मध्ये दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर जिंकून आली. सुरगाण्याचे शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि होस्टेलमध्ये राहून शिकलेली मुलं-मुली शिक्षक, नर्स, पोलीस होतायत. ज्या घरात पहिला पगार आला, त्या घराच्या पाहुण्यांसाठी आता नाशिकमध्ये एक खोली आहे. पुढच्या भाच्याची वाट बघणारं कोणीतरी आहे. वखारींची सुरुवातही अशाच एका खोलीतून झाली होती.

२०२७च्या सिंहस्थासाठी लाखो पाहुणे पंचवटीत येतील, स्नान करून जातील. त्यांच्यासाठी रस्ते, पूल, घाट बांधायला जे हात लागतात, त्यातले बरेच पेठ रोडनंच खाली उतरलेले असतील. तुम्ही गेलात तर रामकुंडाच्या पुढेही थोडं जा.

जाताना

• सकाळी लवकर रामकुंड आणि काळाराम उरका. काळारामाच्या दारात क्षणभर थांबा. याच दारासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३०ला सत्याग्रह सुरू झाला होता.

• मग पेठ रोड. पंधराएक किलोमीटरवर रामशेज किल्ला. चढ सोपा आहे, पाणी सोबत घ्या.

• वेळ असेल तर कोटंबी घाटातून पेठपर्यंत जा. नागलीची भाकरी मिळाली तर सोडू नका.

• डिसेंबर ते फेब्रुवारीत सापुतारा रस्त्यावर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मिळते. भाव करताना जरा हात आखडता घ्या.

• ‘पंचवटी एक्सप्रेस’ पंचवटीत जात नाही. उतरायचं नाशिक रोडला आणि पुढं बस किंवा रिक्षा.