तळ्यातील फुलांची जागा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले येथील तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात आले आणि १९५१ साली मालगुजारी संपताच सरकारजमा झाले. पाळ राहिली, पाणीही राहिले. परंतु पाण्यातील फुले मात्र एकेक करून नाहीशी झाली. काठावर दूरदेशीची बेशरम माजली. मासे ज्या पानांच्या आडोशाने अंडी घालीत ती पाने गेली, आणि ढिवरांचे जाळे रिकामे येऊ लागले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या प्रश्नाचे उत्तर पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांपाशी शोधले. कोणती वनस्पती कोठे उगवत असे, हे त्यांना पाठ होते. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरातही हे काम झाले. बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या.

यात खरी कसोटी जागेची. पेढीसाठी जागा हेरणारा व्यापारी वर्दळ शोधतो. येथे नेमके उलटे. गुरे पाण्यावर येतात ती वाट टाळावी लागते, कारण कोवळे रोप एका खुरानेही जाते. पाळीलगतच्या खोल पाण्यात तळापर्यंत उजेड पोचत नाही. धानाला पाणी सोडले की काठ झपाट्याने उघडा पडतो, म्हणून अगदी कडेचीही जागा नको. पाळीसमोरचा उथळ, गाळाचा भाग उरतो. कुमुदिनीची मुळे तेथे चिखलात रुजतात, पाने पाण्यावर पसरतात आणि झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुले वर येतात. पूर्ण बुडून वाढणाऱ्या वनस्पतींना थोडे अधिक पाणी चालते, तर गाद नावाचे लव्हाळे काठाकडे सरकते.

ही उथळ जागा ढिवरांच्याही सोयीची असते. तेथे लागवड करायची म्हणजे जाळे टाकण्याचा तेवढा भाग सोडायचा. ज्याच्या घरी रोजची चूल त्याच मासळीवर पेटते, त्याला हा त्याग लहान नाही. शिवाय रोपे विकत मिळत नाहीत. जवळच्या ज्या तलावात ती अजून तग धरून आहेत तेथूनच मुळांसकट आणावी लागतात, आणि तीही इतकीच की मूळ तलाव उजाड होऊ नये. त्यामुळे एक जागा निवडताना दुसरीही पाहावी लागते: कोठे लावायचे, आणि कोठून किती घ्यायचे.