दोन वेळा मोजलेली पायली



आमच्या कासार आंबोलीत भात झोडून झाला की आबा धान्य पायलीने मोजतात. एकदा मोजले की पुन्हा मोजायचे, ही त्यांची जुनी सवय. दोन्ही वेळा आकडा जुळला तरच पोत्याचे तोंड शिवायचे.

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पिरंगुटची नोकरी सुटली. रात्र रात्र अंगणात फेऱ्या मारायचा. संध्याकाळी हरिपाठाला माझ्या शेजारी बसायचा, तेही थांबले. कोणी अंगारा दिला, कोणी म्हणाले लग्न करून टाका. एका नातेवाइकाने सांगितले, पुण्यात मेंदूचा नकाशा काढून देतात, रोग डोळ्यांनी दिसतो. गाय विकली आणि गेलो. डोक्याला तारा लावल्या, तासाभराने रंगीत कागद हातात आला. लाल, पिवळा, निळा. खोटे कशाला बोलू, तो कागद पाहून मला बरे वाटले. पोरगा सोंग करतो म्हणणाऱ्यांना दाखवायला काहीतरी मिळाले होते.

चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी तोच नकाशा पुन्हा काढला. रंग वेगळेच आले. भाऊ होता तसाच होता. आबा म्हणाले, "मग खोटी पायली कंची?"

शेवटी एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि भावाला विचारले, आवाज बाईचा की पुरुषाचा? झोप किती लागते? जेवतोस का? अर्धा तास त्या ऐकत होत्या. इतके तर आम्ही घरच्यांनीही त्याचे ऐकून घेतले नव्हते.

मी विचारले, मोठ्या यंत्रात घालून पाहू या का? त्या म्हणाल्या, मेंदूत गाठ आहे का, रक्तस्राव झाला आहे का, हे एमआरआयमध्ये चांगले दिसते. पण भय, आनंद, आवाज यांच्या वेळी मेंदू कसा चालतो हे पाहणारी तपासणी निराळी. तिच्यात विचार दिसत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा फरक दिसतो, आणि रंग संगणक भरतो. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला मासा त्या यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखवली. (माळकऱ्यांनी माशाच्या उल्लेखाची क्षमा करावी.) हिशेबात नीट काळजी घेतली नाही, तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसत होती!

पुढची गोष्ट मला फार भावली. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली जुने ९० प्रयोग एकत्र करून तपासले. त्याच माणसाला तेच काम देऊन दुसऱ्यांदा मोजले तर आकडा जुळतो का, एवढाच प्रश्न. पूर्ण जुळला तर १, मुळीच नाही तर ०. सरासरी आली ०.४ च्याही जरा खाली. समूहाची सरासरी सांगायला ही मोजणी उपयोगी पडते, पण एकट्या माणसाविषयी भाकीत करायला ती पुरत नाही. त्या गटातले अहमद हरीरी यांनी स्वतः वर्षानुवर्षे याच मोजणीवर काम केले होते. आपलीच पायली खोटी निघू शकते हे चारचौघांत सांगायला छाती लागते. दिंडीत अहंकार सोडा असे आपण रोज ऐकतो, पण हे असे करणारे किती?

आपल्या पुण्यातही अशा चाचणीने एकदा मोठी खळबळ उडाली होती. २००८ साली सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, तेव्हा तिच्या मेंदूच्या विद्युत चाचणीचाही आधार घेतला होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संमतीशिवाय अशी चाचणी कोणावरही करता येणार नाही. रंगीत कागदावर आम्ही गाय घालवली, इथे तर जन्मठेपेचा प्रश्न होता.

भावाला गोळ्या सुरू झाल्या. पहिली मानवली नाही, दुसरी मानवली. आवाज पुरते गेले नाहीत, पण लांब गेले आहेत, असे तो म्हणतो. यंदा तो आळंदीपासून दिंडीत होता. दिवेघाटात मी दमलो तेव्हा त्याने माझी पिशवी घेतली आणि विचारले, "दादा, माझ्या गोळ्या यातच आहेत ना?"

ते रंगीत कागद आबांनी फेकले नाहीत. पाकीट चांगले जाड होते, त्यात आता सातबारा ठेवला आहे.