वैलावर ठेवलेले शब्द

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी तीन महिने ग्लासगोला होतो. निघताना आईने दोन स्वेटर जास्तीचे भरले आणि आजीने भाजणीचा डबा दिला. दोन्ही उपयोगी पडले. तिथला पाऊस बडोद्यासारखा धो धो पडत नाही, दिवसभर नुसता भुरभुरत राहतो. पण आज लिहितोय ते तिथल्या एका रस्त्याबद्दल आणि तिथे तयार झालेल्या एका पुस्तकाबद्दल.

ग्लासगोची भुयारी रेल्वे १८९६ सालची. तिचा मार्ग म्हणजे एक गोल आणि स्टेशनं पंधरा. चुकून पुढे गेलात तर बसून राहायचं, फिरून तिथेच येता. त्यातल्या हिलहेड स्टेशनला उतरून थोडा चढ चढलं की युनिव्हर्सिटी लागते. ती १४५१ सालची, पण टेकडीवर आली १८७० मध्ये. मुंबईचा राजाबाई टॉवर पाहिला असेल तर ही इमारत ओळखीची वाटेल, कारण दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. टेकडीखालून केल्व्हिन नावाची छोटी नदी वाहते. इथल्या विल्यम थॉमसन या प्राध्यापकांना सरदारकी मिळाली, तेव्हा या नदीवरून ते लॉर्ड केल्व्हिन झाले आणि पुढे त्यांच्या नावावरून तापमानाचं एकक आलं. बारावीला केल्व्हिनमध्ये गणितं सोडवताना आपण एका नदीचं नाव लिहितोय हे मला ठाऊक नव्हतं.

टेकडीवरच युनिव्हर्सिटी गार्डन्स नावाचा रस्ता आहे. एकाला एक चिकटलेली जुनी दगडी घरं, आणि त्यांत युनिव्हर्सिटीचे विभाग. मी गेलो तो शनिवार होता, सगळी दारं बंद. तरी बाहेर बराच वेळ उभा राहिलो, कारण इथल्या इंग्रजी विभागाने एक अचाट काम केलं आहे.

नेहमीच्या शब्दकोशात आपण शब्द शोधतो आणि अर्थ मिळतो. थिसॉरसमध्ये उलटं असतं. अर्थ धरून गेलं की त्या अर्थाचे सगळे शब्द एकत्र सापडतात. प्राध्यापक मायकेल सॅम्युएल्स यांनी १९६५ मध्ये ठरवलं की असा थिसॉरस करायचा, पण इतिहासासकट. म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातला प्रत्येक शब्द, त्याचा प्रत्येक अर्थ, तो कधी वापरात आला आणि कधी गेला, हे सगळं अर्थानुसार लावायचं. काम सुरू झालं कागदाच्या चिठ्ठ्यांवर. एका अर्थाला एक चिठ्ठी. १९६९ मध्ये ख्रिश्चन के या बाई कामात आल्या आणि पुढे त्यांनीच ते चालवलं. १९७८ मध्ये इमारतीला आग लागली. चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत होत्या, म्हणून वाचल्या. दिवसातून दहा वेळा 'बॅकअप घेतलास का?' असं विचारणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचूनच घाम फुटला.

पुस्तक निघालं २००९ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. दोन खंड, जवळपास चार हजार पानं, सुमारे आठ लाख अर्थ. सॅम्युएल्स यांना ते छापलेलं पाहता आलं. पुढच्याच वर्षी ते गेले. आम्हाला सहा महिन्यांचा प्रोजेक्ट लांबला की रडू येतं.

आता हे सगळं मोबाइलवर फुकट पाहता येतं. नदीकाठच्या केल्व्हिनग्रोव्ह बागेत बाकावर बसून मी माझ्या धंद्यातला शब्द काढला. 'कॉम्प्युटर' १६१३ पासून इंग्रजीत आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ होता हिशेब करणारा माणूस! 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख. 'डिअर' म्हणजे आधी कुठलंही जनावर, नंतर फक्त हरीण. इथे मी थबकलो, कारण आपल्याकडेही हेच झालंय. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही पशू, म्हणून तर सिंह मृगेंद्र. मराठीत मृग म्हणजे फक्त हरीण. दोन भाषा, दोन टोकं, आणि शब्द एकाच वाटेने गेले.

तेव्हा मला पुण्याचा आतेभाऊ आठवला. लहानपणी सुट्टीत त्याच्याकडे गेलो की मी जेवताना 'शाक वाढ' म्हणायचो आणि तो खो खो हसायचा. "तुमचं मराठी म्हणजे गुजरातीच!" मी शरमेने 'भाजी' म्हणायला शिकलो. शाक हा शब्द 'शाकाहारा'त तोही रोज वापरत होता, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी आजीला व्हिडिओ कॉल केला. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. घरात वरण झालं की ती म्हणते, "वैलावर ठेव," आणि आम्ही ते गॅसच्या बारीक बर्नरवर ठेवतो. मी विचारलं, "आजी, वैल म्हणजे बारीक बर्नरच ना?"

ती इतकी हसली की फोन हलला. "अरे वेड्या, गॅसला कसला वैल! चुलीला जोडून दुसरं तोंड असायचं. त्यात लाकूड घालायचं नाही. चुलीतली आच आपोआप तिकडे जायची. दांडिया बाजारच्या वाड्यात सासूबाई तिथे दूध ठेवायच्या. चौऱ्याहत्तर साली गॅस आला, चूल गेली. माझ्या तोंडात वैल राहिला."

मग ती अर्धा तास बोलत होती. फडताळ, माजघर, शिंकं. मी मधे मधे विचारत होतो आणि कागदावर लिहून घेत होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, माझी बायको त्या बर्नरला 'सिम' म्हणते आणि सहा वर्षांची मुलगीही. आमच्या घरापुरतं बोलायचं तर वैल या शब्दाचं शेवटचं वर्ष आजीच्या हातात आहे.

ग्लासगोच्या त्या लोकांनी शुद्ध कोणता आणि अशुद्ध कोणता हे ठरवत बसण्यापेक्षा कोण काय म्हणत होतं आणि कधी, एवढंच नोंदवलं. आपण महाराष्ट्राबाहेरचे लोक आपल्या बोलीबद्दल उगाच संकोचतो आणि संकोचाने गप्प बसलं की शब्द लिहून ठेवायचे राहतात.

परत आल्यावर मी एक साधी एक्सेल शीट केली. रकाने चार: शब्द, अर्थ, कोण म्हणायचं, कधीपर्यंत. आजीला दर रविवारी दुपारी गाठतो. आतापर्यंत त्रेसष्ट शब्द झाले. 'शाक'सुद्धा घातलाय. 'वैल'ला दोन ओळी लागल्या, एक चुलीची आणि एक गॅसची. दुसऱ्या ओळीतला 'कधीपर्यंत'चा रकाना रिकामा आहे, आणि लेकीला मी सध्या मुद्दाम सांगतो, "दूध वैलावर ठेवायला सांग आईला."

तुमच्याही घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.