चाचांच्या जखमेतल्या अळ्या

कॅन्सरने चाचांचा गाल आतून फुटला, तोंड मिटेना. एके सकाळी जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या. इयादतीला आलेल्या कुणीतरी दबक्या आवाजात ‘अजाब’ म्हटले. आम्हाला त्या शब्दाचाच राग आला. उघड्या, वास मारणाऱ्या जखमेवर माशीने अंडी घातली, एवढेच! दिवसभरात अंडी फुटतात आणि अळ्या मांस कुरतडत आत शिरतात. डॉक्टरांनी टर्पेंटाइनचा बोळा धरला, वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक काढल्या, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. (हे घरी करू नये, टर्पेंटाइन घशात गेले तर जिवावर बेतते.) आता दिवसाही मच्छरदाणी असते, जखम रोज धुऊन झाकतो. चाचांना बोलता येत नाही. अजान झाली की तयम्मुमसाठी मातीच्या ढेकळाकडे बोट दाखवतात.