वरची खुर्ची

खुर्चीला चार पाय असतात हे आपण लहानपणी शिकतो. ती चालते, हे मात्र मोठेपणी कळते. कचेरीतली खुर्ची तर माणसापेक्षा जलद चालते. काल ज्याच्या हाताखाली होतो तो आज वरच्या मजल्यावर जातो आणि त्याच्या जागी आपण बसतो. दारावर नवी पाटी लागते, पेढे वाटले जातात, गावाकडून काकांचा फोन येतो. बढती ही शुभवार्ता, याबद्दल आपल्या घरांत दुमत नसते. ती कशासाठी, असे कोणी विचारले तर मंगलकार्यात शिंकल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघतात.

माझ्या भाचीने ही शिंक स्वतःच दिली. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत १४ वर्षे तिने प्रोग्राम लिहिले. यंदा तिला ३५० माणसांची प्रमुख केले. पेढे घेऊन आली, पण चेहरा पेढ्यांशी जुळेना.

"मामा, खरं सांगू? महिनाभरात मी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. दिवसभर नुसती बोलते नि ऐकते. रात्री घरी येताना वाटतं, आज आपण केलं काय? परत जुन्या कामावर जायचं असेल तर दिवाळीनंतर सांग, म्हणालेत. तुम्ही काय म्हणता?"

हे दुःख मला परके नव्हते. पिंपरीच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग-बोर्डापासून सुरुवात केली. केबिन मिळाली त्या दिवशी माझा बोर्ड दुसऱ्याच्या हाती गेला. पुढे वर्षभर मी सही करायलासुद्धा पेन्सिलच उचलत असे! सुताराला संध्याकाळी पाट दिसतो, गृहिणीला पोळ्यांची चळत दिसते. हुद्देदाराला काय दिसते? सकाळी होता तोच टेबलाचा गुळगुळीत पृष्ठभाग.

मी तिला फकीरचंद कोहलींची हकीकत सांगितली. मूळचे ते विजेचे इंजिनियर. १९५१ पासून मुंबईला टाटांच्या वीज कंपनीत. १९६९ मध्ये त्यांना टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या जेमतेम वर्षभर वयाच्या उद्योगात जायला सांगण्यात आले. विजेचे काम सोडायला त्यांचे मन घेत नव्हते. तरी गेले, आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्या काळी संगणक परदेशातून आणायचा म्हणजे परकीय चलनाची परवानगी, जबर आयात-कर आणि वर निर्यातीची अट! १९८१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात संशोधन केंद्र निघाले. तिथल्या संशोधकांनी पुढे भाताच्या तुसाची राख वापरून पाणी शुद्ध करणारी स्वस्त गाळणी तयार केली. आणि उतारवयात कोहलींनी ध्यास घेतला तो प्रौढ साक्षरतेचा. अआइईऐवजी थेट शब्दांपासून सुरुवात करायची आणि संगणकाच्या मदतीने सुमारे ४० तासांत निरक्षर माणसाला वाचते करायचे, अशी ती पद्धत. २०२० मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते गेले.

आता या सगळ्यांत त्यांच्या हातची ओळ कोणती? राख चाळणारे हात दुसऱ्यांचे, पाठ रचणारेही दुसरे. पण ती माणसे एका ठिकाणी जमावीत आणि त्यांनी नेमके हेच काम करावे, हे ठरवणारा कोणीतरी होता.

या ठरवण्याला धारही असते. १९६८ मध्ये अमेरिकेत इंटेल कंपनी निघाली. मेमरी चिप हा तिचा मूळचा धंदा. १९८५ च्या सुमारास जपानी कारखान्यांनी तो पार खिळखिळा केला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँड्र्यू ग्रोव्ह यांनी आपले वरिष्ठ गॉर्डन मूर यांना विचारले, की आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? मेमरीचा धंदा सोडील, असे मूर म्हणाले. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू, असे ग्रोव्ह यांनी सुचवले. कंपनी प्रोसेसरच्या धंद्यावर तगली आणि भरभराटीला आली. पण त्या उलथापालथीत कारखाने बंद पडले, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. दोन माणसांचे एका खोलीतले बोलणे! "नुसते बोलणे" म्हणून ते उडवून लावता येईल का?

भाची गप्प बसली. मग सहज म्हणावे तसे म्हणाली, "काल अर्धा तास असाच गेला. लातूरचा एक मुलगा आहे. काम सोन्यासारखं, पण इंग्रजीला बिचकतो, बैठकीत तोंड उघडत नाही. मग त्याचं काम दुसराच आपलं म्हणून मांडतो. म्हटलं, उद्या तूच मांड, मराठी-इंग्रजी कसंही. तयारी करून घेतली त्याची."

"मग?"

"मांडलं की त्यानं! घाम पुसत, पण मांडलं."

दिवसाच्या हिशेबात हा अर्धा तास तिने खर्चाच्या बाजूला लिहिला होता. मला तो जमेचा वाटला.

हल्ली तरुण मुले विचारतात, की मोठ्या हुद्द्यावर पोचायचे कसे? त्याची उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : पोचल्यावर तिथे करायचे काय? खुर्ची अधिकार देते, पगार देते, वेळप्रसंगी पाठदुखीही देते. प्रयोजन मात्र ती देत नाही. ते जेवणाच्या डब्यासारखे घरूनच न्यावे लागते. ज्याने नेले नाही तो भूक लागली की आणखी वरच्या खुर्चीकडे बघू लागतो, आणि तिथेही डबा नसतोच. ज्याने नेले त्याला हाताखालची माणसे आपोआप भोवती बसलेली दिसतात; मग डबा एकट्याने खाणे त्यालाच बरे वाटत नाही.